तिसऱ्या हाकेला ओ

ह्या भागात आले तेव्हा मला रस्ते कळायचे नाहीत, भुताच्या जागा तेवढ्या ध्यानात राहायच्या. चिंचवड स्टेशनवर उतरलं की आमचे हे सांगायचे, इकडून बस, तिकडून रिक्षा, आणि माझ्या डोक्यात एवढंच, की कासारवाडीला रुळाच्या कडेला एक दगडी खोली आहे, कुलूप लावलेली, आणि आतून कुणीतरी कडी वाजवतं. पुनावळ्याला माझी चुलत जाऊ राहते. तिच्या सोसायटीच्या खाली म्हणे जुनी विहीर बुजवलीय, आणि लिफ्ट कुणी बटण न दाबता आपोआप खाली जाते, पाणी भरायला. जाऊ हसत हसत सांगायची. मी जिन्यानं चढायचे, लेकरू कडेवर घेऊन, पाच मजले.

आणि आम्ही राहायला आलो ते चाकणच्या पुढं, माळावर. ओळीनं दहा पत्र्याच्या खोल्या, त्यातली शेवटची आमची. दार उघडलं की माळ. कमरेएवढं वाळलेलं गवत, दुपारी ते पांढरं दिसायचं, वारा आला की एका अंगावर निजायचं आणि परत उठायचं, कुणी हात फिरवून गेल्यासारखं. लांब कंपन्यांची निळी छपरं, ती उन्हात हलायची, पाण्याखाली असल्यासारखी. मी दारात बसून बघत राहिले की मला कळायचं नाही मी जागी आहे का डोळा लागलाय. आणि त्या सगळ्याच्या मधोमध घुमट.

काळ्या दगडाचा, चार कमानी, त्यातली एक ढासळलेली, दार नाहीच. पुढं सरकारी निळा बोर्ड, पण गंजून गेलेला, ‘संरक्षित’ एवढंच वाचता यायचं. कुणाचा, कधीचा, कुणाला सांगता यायचं नाही. कुणी म्हणायचं सरदाराची कबर, कुणी म्हणायचं वाटसरूला सावली म्हणून बांधलेला. कबर तर आत दिसत नव्हती, असं बघून आलेले सांगायचे. मी बघायला जाणार नव्हते.

पहिल्याच दिवशी घरमालकीण मावशींनी मला सांगितलं. त्या इथल्याच, जुन्या गावच्या, जमीन कंपनीला गेली आणि उरल्या तुकड्यावर ह्या खोल्या बांधल्या.

“दार कुटं उगडतंय बघितलंस ना? घुमटाकडं. तिथं बाई हाय.”

“कोण बाई?”

“आता कोण म्हंजे. नाव इचारायला कोन गेलंय? भर बाराला नावानं हाक मारती. पर एकदाच. लई झालं तर दोनदा. तिसरी हाक तिला येत न्हाई. म्हून आमी तीन हाका झाल्याबिगर वो देत न्हाई कुनाला.”

“आणि दिला तर?”

“मंग तुजा आवाज तिचा. आन् पाणी सकाळी सातला येतं, टाकी भरून ठीव.”

ह्यांना सांगितलं तर हे जेवता जेवता हसले. “अगं, आमच्या लायनीवर सुपरवायझर दहा हाका मारतो, कुणी ओ देत नाही. तुझी ती बाई असती तर पहिल्या शिफ्टलाच नोकरी सोडून गेली असती.”

हे हसायचे, पण हे दिवसभर कंपनीत. माळाकडं तोंड करून मी बसायचे, मी आणि माझी लेक. चार वर्षांची होती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, नावाचीच तर सगळी गोष्ट आहे.

मग मी तिला शिकवलं. खेळ म्हणूनच. दाराला कडी लावायची, मी कोपऱ्यात तोंड करून हाक मारायची. एकदा. ती गप्प. दोनदा. ती ओठ दाबून हसू धरायची, गाल फुगायचे, डोळ्यांत पाणी यायचं हसूचं. तिसऱ्यांदा मारली की “ओ”, आणि मी गुळाचा खडा द्यायचे. आणि बजावायचे, बाई एकदाच हाक मारती, बाईला ओ द्यायचा नाही. काय?

“बाईला ओ द्यायचा नाही,” ती म्हणायची, गूळ चोखत.

पुढं पुढं ते अंगातच गेलं. मी हाक मारायची ती एका दमात तीनदाच, तीनदा मिळून एकच लांब नाव असल्यासारखं, आणि ती शेवटाला ओ द्यायची. खेळ संपला होता, गूळ बंद झाला होता, मला त्याचं काही वाटेनासंच झालं.

मग ते करडू. मावशींच्या शेळीचं, पांढऱ्या कानाचं. एका दुपारी मी धुणं पिळत होते, वळून बघितलं तर लेक नाही. गवत तिच्या डोक्याएवढं, कुठं हलतंय ते बघावं तर सगळंच हलायलंय. मी पळाले. हाका मारल्या, तीन नाही, किती मारल्या काय की, वारा तोंडातूनच काढून न्यायचा. चपला राहिल्या, पायात कुसळं गेली, आणि बघितलं तर लाल झगा, घुमटाच्या आत. ती मधोमध उभी, मान वर करून, तोंड उघडं. करडू बाहेर कमानीला अंग घासत होतं. मी आत पाय घातला नाही, कमानीतूनच तिला हाताला धरून ओढलं.

“कुणाशी बोलायलीस?”

“वरच्याशी,” ती म्हणली.

पुढं मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, आता वाटतं. पण तेव्हा मला ऐकायचंच नव्हतं.

मी मावशींना म्हणलं, लेकराला इथं ठेवायचं नाही दुपारचं. त्या म्हणल्या, अंगणवाडीत घाल की, खिचडी बी मिळती. म्हणून घातली. खोल्यांच्या पलीकडं रस्त्याला लागून होती, भिंतीवर ससा आणि गाजर काढलेलं. पहिल्या दिवशी मी तिला दारात उभं केलं, हात धरून पुढं केलं आणि म्हणलं, “ह्या बघ. ह्या तुझ्या बाई.” लेकीनं माझ्याकडं बघितलं, मग बाईंकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. मला वाटलं नवीन जागा आहे म्हणून.

पंधरा दिवसांनी बाईंनी मला थांबवलं. बाई वाईट नव्हत्या, पण घाईत असायच्या, चाळीस लेकरं आणि एक रजिस्टर.

“तुमच्या मुलीला ऐकू येतं ना नीट?”

“येतं की.”

“हजेरी घेते तर बोलत नाही. हाक मारते तर वळून बघत नाही. बाकी सगळं करते, चित्र काढते, खिचडी मागून घेते. पण नाव घेतलं की दगड. कान दाखवून घ्या.”

“घरी ओ देते, बाई.”

“आईला वाटतंच तसं,” बाई म्हणल्या, आणि पुढच्या पोराचं नाक पुसायला वळल्या.

मी घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. कानाचं काही नाही. त्या दिवशी घुमटात तिनं ओ दिला. दिला तो दिलाच, आता माणसांसाठी तिच्याजवळ उरला नाही. आईपुरता तेवढा राहिलाय, आणि तोपण किती दिवस राहील. मी तिच्याकडं बघायचे, ती भिंतीला टेकून भोंग्याच्या आवाजाबरोबर मान हलवायची, कंपनीचा भोंगा वाजला की ती पण तोंडानं भोंगा करायची, आणि मला वाटायचं एक दिवस हा पण आवाज जाईल, नुसतं तोंड हलेल, गवत हलतं तसं.

ह्यांनी अर्धी सुट्टी टाकली आणि चिंचवडला मोठ्या दवाखान्यात नेलं. काचेची खोली, लेकीच्या कानावर मोठे हेडफोन, पुढ्यात लाल मणी आणि डबा. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. मी काचेतून बघत होते. मला काही ऐकू येत नव्हतं, नुसतं तिचं बोट दिसायचं, मणी उचलायचं, टाकायचं. एक मणी राहिला नाही.

“कान एकदम छान आहेत,” डॉक्टर म्हणले. “घरात काही भीती वगैरे घातलीय का कुणी?”

“नाही,” मी म्हणलं. लगेच म्हणलं.

हे खूश. स्टेशनच्या बाहेर वडापाव घेतला, लेकीला मिरची चाटवली, म्हणले, “मोकळी झालीस ना आता?” मी हो म्हणलं. कान चांगले आहेत म्हणजे माझंच खरं होतं.

मावशी म्हणल्या, “ओटी भर तिची. बाईमानूसच हाय ती बी. आपलं आपल्याला माग.” तुम्ही येता का, विचारलं तर म्हणल्या, “माजं गुडगं.”

मग मी गेले. बाराला, कारण दुसऱ्या वेळेला ती असते का नाही ते माहीत नव्हतं. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हिरव्या बांगड्या ताटात, आणि दुसऱ्या हातात लेक. गवत दोन्ही बाजूनं पदर ओढायचं. ऊन एवढं की सावली पायाखालीच गोळा झालेली. घुमट जवळ येत नव्हता, आम्ही चालत होतो आणि तो तिथंच, मग एकदम समोर, आणि आतून गार वारा तोंडावर आला, रांजणाचं झाकण उघडल्यासारखा.

आत कुणीतरी आडवं पडलेलं होतं. माझ्या हातातलं ताट हललं, बांगड्या वाजल्या, आणि ते उठून बसलं. रस्त्यावरचे पंक्चरवाले चाचा. पोतं अंथरून झोपले होते.

“घाबरू नको बेटा,” म्हणले. “दुपारी मी इथंच असतो. सगळ्या चाकणात एवढी थंड जागा नाही.”

“तुम्हाला हाक नाही मारत?”

“कोण?”

“बाई.”

“मला दुकानावरून पोरगा हाक मारतो, ती पण मी ऐकत नाही,” चाचा म्हणले, आणि ताट बघून पोतं जरा बाजूला ओढलं.

मी ताट ठेवलं. काय म्हणायचं ते घरून ठरवून आले होते, सगळं विसरले. वर बघितलं. घुमट आतून गोल गोल वर गेलेला, वरच्या भोकातून उन्हाचा एक खांब उतरलेला, त्यात धूळ तरंगत होती, हळू, पारवे गळ्यातल्या गळ्यात बोलत होते, आणि मला वाटलं मी कुठं तरी पोहोचलेय जिथून उठायचंच नाही. तेवढ्यात हातात हात नव्हता. लेक सुटून पलीकडच्या कमानीकडं चालली होती, तिच्यापुढं ढासळलेले दगड. मी हाक मारली. एकदाच. दुसरीला दमच उरला नाही.

माझी हाक वर गेली. आणि वरून परत आली, माझ्याच आवाजात, तेच नाव. आणि आणखी एकदा, बारीक.

“ओ,” लेक म्हणली, आणि वळून उभी राहिली.

ओ, घुमट म्हणला. ओ.

चाचा म्हणले, “घुमतं ते. म्हणून तर घुमट.” मी त्यांचं ऐकत नव्हते, मी मोजत होते. एक माझी, दोन वरच्या. मी तिला उचलून बाहेर आणलं, गवतात उभी केली, चार पावलं मागं गेले आणि हाक मारली. एकदा. ती करडाची लेंडी बघत बसली. दोनदा. नाहीच. तिसऱ्यांदा मारली.

“ओ.”

“अंगणवाडीत का देत नाहीस गं मग?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मीच विसरलेय आणि तीच सांभाळायलीय. “ती बाई आहे ना,” हळू म्हणली. “एकदाच हाक मारती.”

कमानीत उभे राहून चाचा ऐकत होते. “म्हणजे शिकवणाऱ्या बाईला भूत केलं तुम्ही,” म्हणले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. आतून घुमट पण खोकला. मला हसू आलं का रडू ते मला सांगता येत नाही, लेक माझा पदर धरून वर बघत होती.

“नारळ नेते का परत?” चाचांनी विचारलं.

“राहू द्या,” मी म्हणलं. “तिनं दिलं ना माझं मला.”

घरी येऊन मी तिला समोर बसवलं, गुळाचा खडा काढला. म्हणलं, आता बाईंच्या पहिल्या हाकेलाच ओ. पहिल्याच. तिनं गूळ घेतला नाही.

“आणि बाई?”

“कोणती?”

“घुमटातली.”

मी दाराकडं बघितलं. गवत निजत होतं आणि उठत होतं. “तिचं आपण नंतर बघू,” म्हणलं.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेलेच नाही, अंगणवाडीच्या खिडकीला उभी राहिले. बाईंनी रजिस्टर उघडलं. हजर, हजर, हजर, पोरं ओरडायची. मग माझ्या लेकीचं नाव आलं. एकदा. लेकीनं मान वळवून खिडकीकडं बघितलं. माझ्या तोंडात दुसरी हाक आली होती, मी पदर दातांत धरला आणि मान हलवली.

“ओ,” ती म्हणली.

पोरं हसली, हजर म्हणायचं असतं म्हणून. बाईंनी वर बघितलं नाही. खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.