झेनारवाल्याची माय

पुंडलिकनगरात सम्यक हिवराळेला 'झेनारवाला' म्हणतात. अकरा वर्षं तो मोबाइल दुरुस्त करतोय, पण झेनार सोडून दुसऱ्या कंपनीला त्यानं चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलेलं नाही. झेनारवाल्यांच्या ग्रुपचा ॲडमिनही तोच. शेजारचा झेरॉक्सवाला ऋतुराज किरो कंपनीच्या बाजूचा. दोघांची रोज जुंपते.

या आठवड्यात मात्र सम्यकचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याच्या मायला, सत्यभामाबाईंना, कमी ऐकू येतं. फर्दापूरला दिलेल्या निशानं, त्याच्या बहिणीनं, फोनवर सांगितलं, पोराला ताप आहे. माय म्हणाली, "बरं झालं, बाई." निशानं फोन ठेवला, तो परत केलाच नाही. पाच दिवस झाले. मायला लेकीचं बोलणं नीट ऐकू येईल असा फोन हवा होता. सम्यकनं अर्थात झेनार आणला.

"एकदा माझा किरो लावून बघ मावशीच्या कानाला," ऋतुराज म्हणाला.

"डबडं आहे ते."

"मग भितोस कशाला?"

माय दुकानात स्टुलावर बसली. ऋतुराज आपल्या दुकानात जाऊन तिथल्या फोनवरून बोलला. आधी झेनार.

"येतंय ना ऐकू, माय?"

"व्हय, लई झ्याक."

सम्यकनं विजयी मुद्रेनं हाक मारली. ऋतुराज दारात आला. "मी काय म्हणालो, मावशी?"

माय गडबडली. "जेवलास का, म्हणलास."

"मी बसस्टँडचं विचारलं!"

सम्यकनं आवाज वाढवला, सिम बदललं, दुकानाबाहेर उभं राहून पाहिलं. दर वेळी मायचं तेच, लई झ्याक. विचारलं की भलतंच. किरो कानाला लावला तशी ती म्हणाली, "वैजापूरची गाडी किती वाजता, हेच ना?"

"मग मघाशी खोटं कशाला बोललीस?"

"तुझ्या कंपनीला कसं नाय म्हणू, बाबा? चार लोक तुझ्या शब्दावर फोन घेतात."

सम्यकनं मायचं सिम किरोत घातलं.

"किरो जिंकला म्हणून ग्रुपवर टाकू का?" ऋतुराजनं डिवचलं.

"टाक. नाहीतर मीच टाकतो. आधी निशाला लागू दे."

रिंग गेली. सम्यक उगाच स्क्रूड्रायव्हर इकडून तिकडं ठेवत राहिला. पलीकडून उचलला गेला. मायनं एवढंच विचारलं, "ताप उतरला का गं?" मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. चेहरा पडत गेला.

"काय म्हणते?" सम्यकनं खुणेनं विचारलं.

"शिव्या घालतेय," माय हळूच म्हणाली. फोन तिनं कानावरून काढला नाही.