देवीच्या बोकडाची दाढी

हंसाबाईचं नाव काढलं की आमच्या तांड्यातले म्हातारे अजून गालात हसतात आणि म्हणतात, "बोकड बोडणारी!" मला त्या हसण्याची चीड आहे. बोकड तिनं बोडलं, हे खरं. पण का बोडलं, हे त्यांच्यातल्या एकालाही विचारा, लगेच तंबाखू मळायला लागतात. म्हणून मीच सांगते.

हंसाबाई माझी मोठी काकी. आमचा तांडा आर्णीच्या अलीकडं, अरुणावतीच्या काठाला. तिचा नवरा खेमसिंग तांड्याचा कारभारी, म्हणजे नायकाच्या खालोखालचा माणूस. नसाब बसली, म्हणजे तांड्याची पंचायत भरली, की भांडणाच्या दोन्ही बाजू तो ऐकून घ्यायचा आणि नायक लखीराम त्याच्याकडं पाहून निकाल द्यायचा. काका दिसायला मोठा रुबाबदार. मिशा भरघोस आणि गाल कायम गुळगुळीत. आर्णीचा न्हावी तांड्यात आला की आधी काकाची दाढी व्हायची, मग बाकीच्यांनी बसायचं.

एकोणसाठ साली, कापूस वेचणीच्या दिवसांत, काकाला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला आणि उजवा गाल खाली लोंबला. जीभ जड झाली, पण डोकं शाबूत होतं. न्हावी आला. त्यानं त्या गालावर वस्तरा टेकवला, तर ढिली कातडी पात्याखाली गोळा झाली आणि रक्ताची धार लागली. पुढच्या खेपेलाही तेच झालं. त्यानंतर न्हाव्यानं हातच जोडले. "कारभाऱ्याचं रक्त माह्या हातून नको, बाई. वाढू द्या दाढी."

दाढी वाढली. जेवताना भाकरीचे कण तिच्यात अडकायचे, लाळ गळायची ती त्याच बाजूनं. काका माणसांत येईना. नसाबीचा निरोप आला की भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. काकाच्या भाऊबंदांतला भावसिंग कारभारीपणावर कधीचा डोळा ठेवून होता. तो चारचौघांत बोलायला लागला, "खेमसिंगदादाचं मन आता देवाकडं लागलं. दाढी पाहून राह्यले ना? साधू मानसाले कायले तरास द्याचा?" दया दाखवत माणसाला बाजूला सारायची ही रीत मला शिवीगाळीपेक्षा घाण वाटते. शिवीला निदान उत्तर देता येतं.

हे बोलणं काकीच्या कानावर आलं. ती माझ्या आईला, म्हणजे तिच्या धाकट्या जावेला, म्हणाली, "रुपी, हे लोक याले जित्तेपनी मारून राह्यले. याची दाढी मीच करीन."

आई धसकली. बाईनं नवऱ्याच्या गळ्यापाशी पातं न्यायचं, असं आमच्या तांड्यात कुणी पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं. "लोक काय म्हनतीन, बाई?"

"आता काय म्हनून राह्यले, ते ऐकलं ना तू?" काकी म्हणाली, आणि पुढच्या बाजाराला दोघी आर्णीला गेल्या.

बाजारात बशीरभाईंचं दुकान होतं. साबण, कंगवे, आरसे, सुईदोरा, सगळं तिथं मिळायचं. काकीनं दाढीची मशीन मागितली. बशीरभाईंनी पितळी मशीन काढून पुसली, कशी खोलायची, ब्लेड कसं बसवायचं ते दाखवलं आणि विचारलं, "ब्लेड कोनतं देऊ?"

"चांगलं द्या."

"चांगलं असं ब्लेड नसते, बाई. ज्याची दाढी त्याचं ब्लेड. केस नरम हायत का कडक? चमडी कशी हाय?"

काकीनं इकडंतिकडं पाहिलं. मग सरळच बोलली, "केस कडक हायत. चमडी ढिल्ली हाय. एका बाजूनं."

बशीरभाई समजले. काका त्यांचं जुनं गिऱ्हाईक. ते काही उपदेश करत बसले नाहीत. त्यांनी तीन पुड्या पुढं ठेवल्या. तलवारछाप सगळ्यात तेज, तरणी पोरं तेच नेत. हत्तीछाप जाड, पुष्कळ दिवस टिकणारं. मोरछाप मात्र फारसं खपत नव्हतं, त्याला धार कमी अशी गिऱ्हाइकांची कुरकुर. "याच्यातलं कोनतं लागू पडंल ते मले नाही सांगता येत," बशीरभाई म्हणाले. "तिन्ही घेऊन जा. लावून पाहा. पन बाप्पा, कारभाऱ्याच्या गालावर शिकू नका."

गालावर शिकायचं नाही, तर शिकायचं कुठं? काकी वाटभर हाच विचार करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तांडा कापसाच्या वावरांत गेला, तेव्हा तिनं आपल्या दोन बकऱ्या अंगणात ओढून आणल्या. हसू नका. बकरीची दाढी काकाच्या दाढीसारखीच राठ, आणि गळ्याची कातडी त्याच्या गालासारखीच ढिली. याहून बरी जागा तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

तलवारछापनं पहिल्या बकरीची दाढी सपकन उतरली, पण हात जरा जड पडला तसं पातं कातडीत शिरलं. काकीनं जखमेवर हळद दाबली आणि ती पुडी बाजूला टाकली. हत्तीछाप दुसऱ्या बकरीच्या केसांत अडकून ओढायलाच लागलं. बकरीनं लाथ झाडली, साबणाचं पाणी आईच्या अंगावर. आता मोरछाप उरलं होतं आणि बकऱ्या संपल्या होत्या. तेवढ्यात बाभळीच्या शेंगा हुंगत एक काळं बोकड अंगणात शिरलं. चांगलं धिप्पाड, गळाभर दाढी.

काकीनं त्याच्यापुढं शेंगा टाकल्या, आईनं शिंगं धरली. मोरछाप सावकाश चालत होतं. घाई केली तर केस मागं राहायचे, पण कातडीला ते धरत नव्हतं. हलक्या हातानं तीच जागा पुन्हा फिरवली की साफ व्हायची. कातडी अंगठ्यानं वर ताणून धरायची आणि मनगट सैल सोडायचं, हेही तिला तिथंच उमगलं. बोकड मजेत शेंगा चावत होतं. काकी म्हणाली, "हेच ब्लेड." आणि दाढीचा शेवटचा झुपका खाली पडला तसा बोकडाच्या गळ्यातला लाल दोरा दिसला.

दाढीखाली तो झाकून गेला होता. तो नवसाचा दोरा होता. बोकड भावसिंगचं होतं आणि देवीला बोललेलं होतं. आमच्यात दाढीमिशी उतरवली की घरात कुणी गेलं असं समजतात, आणि इथं तर देवीचं बोकडच सुतकात बसल्यासारखं दिसत होतं.

आईनं दोरा हातानं झाकायचा प्रयत्न केला, जणू त्यानं काही होणार होतं. काकी उठली आणि तिनं पाणी तापवायला ठेवलं. "सांजच्याले बोंब होईनच. त्याच्या आत याची दाढी झाली पायजे."

मशीन पाहून काकानं भिंतीकडं तोंड वळवलं. "बायकोच्या हातानं दाढी? यापेक्षा लकव्यानं पुरा मारला असता तं बरं झालं असतं."

"पुरा मारला असता तं मी कायले बाजारात गेली असती?" काकी म्हणाली. "वळा इकडं."

तो वळला नाही. मग ती स्वतःच खाटेच्या त्या बाजूला जाऊन बसली. गरम पाण्याचा फडका तिनं त्याच्या तोंडावर ठेवला, कात्रीनं दाढी बारीक केली, साबण लावला, मशीनमध्ये नवं मोरछाप घातलं. तिला भीती वाटत होती. इतकी वर्षं संसार केला, पण भरदिवसा इतक्या जवळून आपण या माणसाचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं, असं ती मला सांगायची. लोंबलेला गाल तिनं अंगठ्यानं वर उचलला आणि पातं खाली आणलं. रक्त आलं नाही. मिशांना तिनं धक्काही लावला नाही. झाल्यावर तिनं आरसा समोर धरला. काकानं डाव्या हातानं गाल चाचपला आणि म्हणाला, "पटका दे माहा."

बोंब झालीच. दिवस मावळायच्या आत भावसिंग ते बोकड ओढत नायकाच्या दारात घेऊन गेला आणि नसाब बसली. लोक बोकडाचं तोंड पाहायला आले होते, पण पाहत राहिले काकाकडं. डाव्या हातात काठी, डोक्याला पटका, गाल साफ, मिशीला पीळ. काका आपल्या जागेवर येऊन बसला. साधू झालेला माणूस परत आला होता, आणि भावसिंगचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

"देवीच्या नवसाचं बोकड हंसाबाईनं बोडलं," तो म्हणाला. "हे सुतकी तोंड देवीपुढं उभं कसं करू?"

नसाबीत बायका मागं उभ्या राहत, बोलत नसत. काकी पुढं आली. "बोकडाची चूक माही हाय. दोरा दिसला नाही मले. त्याच्या बदल्यात माह्या दोन्ही बकऱ्या ने."

"त्या बी बोडल्याच हायत!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. नायक लखीरामलाही हसू आवरलं नाही. "दाढी उगवली की नवस फेडजो, भावसिंग," तो म्हणाला. "देवी थांबते."

तिथं मिटलं असतं. पण हशा झाला तो भावसिंगला लागला. तो उभा राहिला. "बोकडाचं जाऊ द्या. ज्या पात्यानं बोकड बोडलं, त्याच पात्यानं बाईनं कारभाऱ्याचं तोंड धरून दाढी केली. बाईच्या हातात गाल देनारा मानूस आपला न्याव करीन काय?"

"बोकडाचं ब्लेड वायलं होतं," काकी म्हणाली. "याचं नवं होतं."

आता कुणी हसलं नाही. लखीराम माणूस वाईट नव्हता, पण चार तोंडं एका बाजूला वळली की त्याचंही तोंड तिकडंच वळायचं. तो म्हणाला, "हंसा, मशीन माह्या हवाली कर. खेमसिंगची दाढी न्हावी करीन, नाही तं वाढू दे. हे जमत नसंन, तं कारभाऱ्याचा मान दुसऱ्याले द्या लागीन."

मशीन काकीच्या ओढणीत बांधलेली होती. स्वतःचं काही गेलं असतं तर तिनं तिथंच नाही म्हणून टाकलं असतं. पण मान काकाचा होता. त्याच्यासाठीच सगळी धडपड केली आणि तिच्याच हातून तो जाणार. ती ओढणीची गाठ सोडायला लागली.

"राहू दे ते," काका म्हणाला.

काठीवर जोर देऊन तो उठला. शब्द एकेक करून येत होते, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होते. "नायक, न्हाव्यानं मले सोडलं. भावसिंगनं मले साधू केलं. तुमी बाकीचे चूप राह्यले. हिनं माहं तोंड मले वापस देल्लं. कारभारीपन ठेवा तुमच्यापाशी, ज्याले द्याचं त्याले द्या. मशीन माह्या घरी राहीन."

आणि तो निघाला. काकी त्याच्या मागून नाही, बरोबरीनं चालली. त्याचा लुळा हात तिनं सगळ्यांसमोर आपल्या हातात धरला होता. बायकोपायी मान घालवला असं ज्यांना म्हणायचं ते म्हणोत. तांड्यात ताठ मानेनं चाललेला तेवढा एकच माणूस त्या संध्याकाळी मला दिसतो.

कारभारी भावसिंग झाला. काकीनं मात्र त्या दिवसापासून दाढी घरात केली नाही. खाट अंगणात, तीही रस्त्याकडं तोंड करून. येणारेजाणारे आधी मान फिरवायचे, पुढं पुढं काका त्यांना हाक मारून पिकापाण्याचं विचारायला लागला, साबण लावलेल्या तोंडानं. आई म्हणायची, "बाई, आत नाही का करता येत?" काकीचं उत्तर ठरलेलं. "पाहू दे की."

बशीरभाई मोरछाप फक्त तिच्यासाठी मागवायचे. एकदा ते मिळालं नाही म्हणून त्यांनी तलवारछाप पाठवलं, तर तिनं आल्या पावली परत केलं. काका पुढच्या बाजारापर्यंत खुंटं घेऊन बसला, पण दुसरं ब्लेड त्यानंही मागितलं नाही.

सहासष्टच्या उन्हाळ्यात काका गेला. मयताला आंघोळ घालायच्या आधी दाढी करायची म्हणून भावसिंगनं आर्णीचा न्हावी बोलावला. तोच न्हावी, आता केस पिकलेला. तो धोकटी घेऊन दारात आला तशी काकी मयताजवळून उठली आणि उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"बाहीर थांब," ती म्हणाली. "तुह्या हातानं याले एकदा सोडलं हाय."

भावसिंग पुढं झाला. "बाई, लाज धर. आज तरी चारचौघांच्या रीतीनं होऊ दे."

"जित्तेपनी तुमी याले माह्यावर सोडलं," काकी म्हणाली. "आता मेल्यावर मांगू नका."

आईनं गरम पाणी आणून दिलं. काकीनं फडका ठेवला, साबण लावला, गाल अंगठ्यानं वर धरला आणि रोजच्या इतक्याच सावकाशीनं दाढी केली. रडली नाही. मिशी विंचरली, तोंड पुसलं. मग ती बायकांकडं वळली, दोन्ही हात त्यांच्यापुढं केले आणि म्हणाली, "आता काढा चुडे."