कारखाना बंद होता त्या दिवशी

धरणगावात आमची खोली सरकी काढायच्या कारखान्याला लागूनच होती. रात्रंदिवस इतकी धडधड, की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नसे. आठ महिन्यांची माझी लेक तापाने मलूल पडली होती. "पोर निजेल शे," सासूबाई म्हणाल्या, आणि ती झोपलीच आहे असं समजून मीही मूर्खासारखी निर्धास्त राहिले.

तिसऱ्या दिवशी बाजार, म्हणून कारखाना बंद. त्या शांततेत तिचा श्वास मला पहिल्यांदा ऐकू आला. प्रत्येक श्वासासरशी ती कण्हत होती. तिला उचलून मी तशीच दवाखान्यात धावले.

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"असा आवाज कधीपासून येतोय?"

मला सांगता येईना. दोन दिवस ती माझ्याच मांडीवर होती.