मामंजींशी इंग्रजीत

नातवंडांनो, 'ब्रेक थ्रू' आणि 'गेट पास्ट' यांत फरक काय, असे तुमच्यातल्या धाकटीने फोनवर विचारले. हा फरक मी पहिल्यांदा समजावून सांगितला तो आमच्या बालाघाटच्या घरात, आणि तेव्हा माझी नोकरी अडलेली होती.

राज्यांची फेररचना झाल्यावर नागपूर आमची राजधानी राहिली नव्हती, पण मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, इंग्रजी पेपर तिथूनच यायचा. ते कचेरीतून निवृत्त झाले होते. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला माझी नेमणूक झाली होती. सोमवारी हजर व्हायचे, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला. मामंजी नको म्हणत होते. लोक म्हणतील, मुलाचा पगार पुरत नाही, असे त्यांना वाटत असावे. तुमचे आजोबा उकव्याच्या खाणीवर होते. ते शनिवारी रात्री घरी यायचे आणि जो शेवटी बोलेल त्याचे त्यांना पटायचे.

सुनेने सासऱ्याशी बोलायचे नाही, अशी आमच्याकडे रीत होती. सासूबाई मधे बसून निरोप पोचवायच्या. आम्हा दोघांना सगळे ऐकू येई, तरी त्यांनी पुन्हा सांगितल्याशिवाय ते बोलले गेले असे धरत नसत. नकार का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून, ते आपन इचारत नाही."

शनिवारी सकाळी पेपरात 'ब्रेक थ्रू' आले. दोन्ही शब्द मामंजींना येत होते. एकत्र आल्यावर पंचाईत झाली. सुनेला विचार, ते म्हणाले. सासूबाईंनी 'ब्रेक' म्हणून पाहिले आणि सोडून दिले.

"हे माह्याच्यानं होत नाही. तुमची भाषा, तुमीच बोला."

मग मामंजी पेपराकडे पाहत इंग्रजीत बोलले आणि मी दाराआडून इंग्रजीत उत्तर दिले. रीत इंग्रजीबद्दल काही सांगत नव्हती. 'ब्रेक थ्रू'मध्ये अडथळा फुटतो, मी म्हटले. सैन्य फळी फोडून जाते तसे. घरात तसे करत नाहीत. घरात 'गेट पास्ट' बरे. त्यात अडथळा मानाने जागेवर राहतो आणि आपण पुढे जातो.

त्यांनी वाक्यात उपयोग करायला सांगितले. मी इंग्रजीतच केला:

"माझी नेमणूक अजून मामंजींना ओलांडून पुढे गेलेली नाही."

मग शाळा किती वाजता सुटते, असे त्यांनी विचारले. साडेचारला, मी म्हटले. माझा चहा चारला असतो, ते म्हणाले. एवढ्या बोलण्यातला 'टी' तेवढा सासूबाईंना समजला.

"चहा मी ठेवीन," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी शाळेत हजर झाले. पुढे मामंजी माझ्याशी रोज इंग्रजीत बोलत. मराठीत कधीच बोलले नाहीत. भाजीत मीठ कमी पडल्याचे मला शेवटपर्यंत सासूबाईंकडूनच कळत असे.