दांड्यापासून दांड्यापर्यंत

आमचं घर म्हणजे जंगल खात्याची चौकी. दोन खोल्या, वर पत्रा आणि समोर रस्त्यावर आडवा टाकलेला सागाचा दांडा. बाबा नाकेदार होते. पासावर सही करून येणाऱ्याला दांडा उचलून द्यायचा आणि तो गेला की खाली सोडायचा, हे त्यांचं काम. जंगलातली रोजची फेरी सोडली तर नाका रिकामा सोडायचा नाही, असा हुकूम होता. आजी गावी वारली तेव्हा निरोप सकाळीच पोचला, पण बदली माणूस तिसऱ्या दिवशी आला. तोवर तिकडचं सगळं आटोपलं होतं. बाबांनी नाल्यावर जाऊन आपल्याच हाताने डोकं भादरलं आणि दुपारी गवताच्या बैलबंड्यांना दांडा उचलून दिला.

पाणी त्या नाल्याचंच. भादव्यात घरात कुणी ना कुणी हिवतापाने कुडकुडत पडलेलं असायचं. माझी धाकटी बहीण त्यातच गेली. थोरला भाऊ एक दिवस पुलगावला मिलमध्ये लागतो म्हणाला, दांड्याखालून वाकून निघून गेला. तो परत आला नाही, त्याचं पत्रही आलं नाही. माय त्यानंतर दांड्याकडे पाठ करूनच तांदूळ निवडायची.

मी सेलूला मामाकडे राहून मॅट्रिक झाले. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं, हे मी आजही मान वर करूनच सांगते. पण मामाचं घर त्याच्याच पोरांनी भरलेलं. निकाल लागला आणि मी ट्रंक घेऊन नाक्यावर परत आले.

आमच्या दांड्यापासून केळझरच्या अंगाला दुसरा नाका होता, सहा मैलांवर. मधे जंगल. पूर्वी तोड चालायची तेव्हा त्या रस्त्याने लाकडाच्या लॉऱ्या जात. मग तोड थांबली, जंगल राखीव झालं आणि रस्ता गाड्यांना बंद झाला. गवताच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत, हप्त्यातून दोनदा बंड्या यायच्या, तेवढंच. बाकी सहा मैलांचा चांगला मुरूम टाकलेला रस्ता नुसता पडून होता.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास फेरीवर असताना बाबा दरडीवरून घसरले आणि त्यांचा घोटा मोडला. फेरीसाठी खात्याने दिलेली सायकल भिंतीला टेकून राहिली. पण रोजचा रिपोर्ट पलीकडच्या नाक्यावर पोचलाच पाहिजे. पहिले दोन दिवस मी तो पायी नेला. तिसऱ्या दिवशी बाबा माझ्या पायांचे फोड बघून म्हणाले, सायकल घे, पण ती सरकारची आहे, दांड्याबाहेर एक हातही जाता कामा नये.

सायकल मर्दानी, मधे नळी. आधी नळीखालून पाय घालून कैची मारत शिकले. आठ दिवसांनी मायचं लुगडं काष्टा घालून नेसले आणि सीटवर बसले. पाहायला होतं कोण? माकडं आणि एक रोही, घोड्याएवढं ते जनावर, रस्त्याच्या कडेला मान वळवून उभं राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या मैलाला उतार होता. तिथे पायडल मारावं लागत नसे. दोन्ही बाजूंना साग, धावडा, मधेच मोहाचा वास, आणि चाकाखाली वाळक्या पानांचा करकर आवाज. समोरून कुणी येणार नाही हे पक्कं ठाऊक असल्यामुळे मी रस्त्याच्या अगदी मधोमध जायची. तशी मी पुढे आयुष्यात कुठल्याच रस्त्याने गेले नाही.

पण सहा मैल झाले की दांडा. त्याच्या पलीकडे दीड मैलावर नागपूर-वर्ध्याची सडक, तिच्यावर मोटारीची धूळ उठलेली दिसायची. मी रिपोर्ट द्यायची, पाणी प्यायची आणि सायकल वळवायची. सहा मैल परत, पुन्हा दांडा. दांडा कमरेएवढा उंच. खालून शेळीही जाई. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, तरी असे दोन-अडीच महिने मी दांड्यापासून दांड्यापर्यंत फिरत राहिले. पुढे पुढे तो उतारही नकोसा झाला, कारण तो लवकर संपायचा.

पलीकडच्या नाक्यावरच्या म्हाताऱ्या नाकेदारांना मी काकाजी म्हणायची. त्यांचा मुलगाही खात्यातच लागला होता. एक दिवस मी रिपोर्ट पुढे केला तर त्यांनी तो हातात घेतलाच नाही.

"आता रिपोर्ट देऊन वापस कायले जातं?" ते हसत म्हणाले. "राह्य न इथंच. सून पाह्यजे मले."

मी हसले नाही. कारण त्याच हप्त्यात त्यांचा निरोप बाबांकडे गेला होता आणि बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, सरकारी नोकरी, पोरगी जवळच राहील. सगळं खरंच होतं. आणि मला दिसत होतं की मी या दांड्यावरून उचलून त्या दांड्यावर ठेवली जाणार.

वर्ध्याच्या कॉलेजचा फॉर्म मामाने पाठवला होता. मार्क चांगले असल्याने फी माफ व्हायची होती. तो भरून द्यायला चार दिवस उरले होते. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, जंगलातून एकटीनं रोज? मी म्हटलं, एकटीच तर जाते.

"वाघाचं भेव नाई मले," बाबा म्हणाले. "वाघ कोनाले सांगत नाई. पुढं सडकेवर मानसं रायतात."

माय चुलीपाशी होती. ती वळली नाही. "दांड्याबाहेर गेलेलं परत येत नाई," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गवताच्या बंड्यांचा वार होता. बाबांना फक्त सही करता यायची, तीही चित्र काढल्यासारखी. म्हणून पास आणि रिपोर्ट आधी कुणाकुणाकडून लिहून घ्यावे लागत; मी घरी आल्यापासून ते मीच लिहायची आणि ते न वाचता सही करायचे. नाव, गाव, वाहन, माल, कारण, परतीची वेळ. त्या सकाळी मी चार बंड्यांचे चार पास लिहिले आणि पाचवा माझ्या नावाचा लिहिला. तो पास कॉलेजात कुणाच्या कामाचा नव्हता, हे मला कळत होतं. पण आमच्या घरात परवानगीचा कागद म्हणजे तोच.

तो चार पासांच्या मधे सरकवला असता तर बाबांनी सही केली असती. मला ते सुचलंही होतं. पण ज्या माणसाने आईच्या मातीलाही नाका सोडला नाही, त्याची सही चोरायची कशी? चार सह्या झाल्यावर मी म्हटलं, बाबा, पाचवा वाचून दाखवते.

नाव, माझं. वाहन, सरकारी सायकल, पलीकडच्या दांड्यापर्यंतच, पुढे पायी. माल, पुस्तकं. कारण, कॉलेज.

बाहेर बैल घुंगरू वाजवत उभे होते. एका बंडीवाल्याने दांडा उचला म्हणून हाक दिली. बाबांनी तिकडे पाहिलं नाही.

"परतीची वेळ नाई लिहिली," ते म्हणाले.

"तुमी सांगा."

त्यांनी एकदा चुलीकडे पाहिलं. मायचा हात भाकरीवर थांबला होता.

"दिवस बुडायच्या आंधी. लिह्य."

मी लिहिलं.

"रोज लिह्य त्याच्यापुढं," आतून माय म्हणाली. "रोज आली पाह्यजे."

मी रोज लिहिलं. बाबांनी आपलं नाव सावकाश काढलं, मग लंगडत जाऊन बंड्यांना दांडा उचलून दिला. काकाजींच्या घरी नकार त्यांनी स्वतः कळवला.

बाबांना पुढे सायकल मारता आली नाही, म्हणून जाता-येता रिपोर्ट मीच पोचवत राहिले. सायकल काकाजींच्या ओसरीत ठेवायची, दांड्याखालून वाकायचं, दीड मैल चालायचं आणि वर्ध्याची सर्व्हिस मोटार पकडायची. काकाजी पहिले पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी सायकल पुढे करत म्हणाले, "सून मांगतली होती, सायकल सांभाळाले भेटली." पण चाकात हवा भरलेली होती, आणि पुढेही ती कायम भरलेली असायची.

सुटका झाली असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की मी चार-चार दिवस घरीच, आमच्या नाक्यावर अडकायची. वर्गातल्या मुली तासांनंतर गप्पा मारत बसायच्या आणि मी मात्र सूर्याकडे पाहत उठायची. परतीची वेळ माझ्या डोक्यात सदा वाजत असे. चार वर्षांत एकदाही दिवस बुडल्यावर मी घरी आले नाही. माय रोज दांड्याकडे तोंड करून बसलेली असायची.

चार वर्षांनी मी बी.ए. झाले.