ट्रेलरमागचे अण्णा

समुद्र नसलेल्या बेंगळुरूत मी होडी घेतली, तेव्हापासून बायको मला नावाडी म्हणते. होडीच्या ट्रेलरला रिव्हर्सचे एलईडी दिवे आमच्या नेहमीच्या, बेळगावकडच्या वायरिंगवाल्या अण्णांनी बसवले. गाडी कुणाचीही असो, काम झालं की अण्णा तिच्यामागे जमिनीवर मांडी घालतात आणि ओरडतात, “ब्रेक दाबून रिव्हर्स टाका की, सर!”

“अण्णा, उभ्यानं दिवे दिसत नाहीत होय?” मी त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या चेष्टेनं विचारलं.

“मला दिसत्यात. बसलेल्या पोरालाबी दिसाय पाहिजेत.” मग ते म्हणाले, “माझी लेक रांगोळी काढत बसलेली. गाडी मीच मागं घेत होतो.”

मी आरशात पाहिलं. होडीमागे बसलेले अण्णा कुठेच दिसत नव्हते.

“सरी, बरोबर हाय, सर. आता बंद करा,” आवाज आला.

ब्रेकवरचा पाय मला काही केल्या उचलवेना.