उत्तरापुरती शांतता

तांडेलसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होते. सरांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मनात पहिलं आलं ते हेच, की त्यांची माफी मागायची राहिली...

आमच्या खाडीकाठच्या शाळेत ते मराठी शिकवत, मी हिंदी. कोरोनात शाळा बंद पडली आणि धडे मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवायचे ठरले. मला ते सोयीचंच वाटलं. घरबसल्या शिकवा, पाठवा, मोकळं व्हा. सरांच्या मात्र ते डोक्यात जाई. "तोंडां दिसनत नाय, मगे शिकवू कोणाक?" असं पुटपुटत ते पडवीत फोन टेकवून उभे राहत. पण वर्गातली खोड त्यांनी सोडली नाही. प्रश्न विचारला की थांबायचं, आणि मग एखाद्याचं नाव घेऊन म्हणायचं, "शाब्बास. बस खाली." पडवीत तर चिटपाखरू नसे. मी थट्टा केली, तर शांतपणे म्हणाले, "देतत ती उत्तरां. माका आयकाक येता." माझ्या अंगावर काटा आला, पण मी ते हसण्यावारी नेलं.

सगळ्यांचे धडे मुलांच्या गटावर टाकायचं काम माझ्याकडे होतं. मुलांचा डेटा पुरत नसे, म्हणून सरांना न विचारताच मी त्यांच्या प्रश्नांनंतरच्या त्या शांतता कापू लागले. महिन्याभराने त्यांच्या लक्षात आलं. ओरडले नाहीत. "पोरांक बोलाक दिलंस नाय गो तू," एवढंच म्हणाले. पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि मीही मान खाली घालून राहिले.

सरांच्या बाराव्यानंतर त्यांच्या पत्नीने, काकींनी, त्यांचा जुना फोन माझ्या हातात ठेवला. "ह्यो तुका देवक सांगल्यानी," त्या म्हणाल्या. त्यात सगळे धडे होते, न कापलेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच होते. टेबलावर फोन ठेवून एक धडा लावला. सरांनी विचारलं, "मुलगा समुद्रावर गेलाय. कवितेतली आई घरात का जात नाही?" मग ती शांतता. लांबवर लाटा, माडांची सळसळ, आणि कान देऊन उभे असलेले सर... इतका वेळ मी कापून टाकला होता?

"आत गेली, तर तो येणार नाही हे मान्य करावं लागेल, सर," मी मोठ्याने म्हणाले.

या वेळी त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही.

"शाब्बास. बस खाली."

मी बसले. उभी कधी राहिले होते, ते मला आठवत नाही.